दोन लाखांची हुशारी

'गुंठामंत्री' हा शब्द मी हिंजवडीच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये बऱ्याचदा ऐकला आहे आणि, सांगायला लाज वाटते, दोन-चारदा वापरलाही आहे. जमीन विकून गाडी घेणारा, बोनेटवर हार घालून फोटो काढणारा माणूस म्हणजे गुंठामंत्री. विनोदही ठरलेला: पन्नास लाखांची गाडी घेतली, आता पेट्रोलला पैसे नाहीत. हसणारे आम्ही सगळे इंजिनियर. आम्हाला 'व्हॅल्यू' कळते, असा आमचा समज.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला माझ्या सख्ख्या मामाने जर्मन सेडान घेतली. त्या खरेदीतली सगळी घासाघीस मी केली. तेव्हापासून या विनोदावर मला हसू येत नाही. मामा माझा आहे, हे एक कारण झालंच. पण त्या तीन आठवड्यांत मी जो हिशेब मांडला, तो चुकीच्या गोष्टीचा होता, हे दुसरं आणि मोठं कारण.

आमचं घर घोरावाडीला, लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मामाचं गाव तळेगाव-चाकण रस्त्याच्या बाजूला. मामाने अकरा वर्षं चाकणमधल्या एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली, तीही कंत्राटदारामार्फत. गेल्या पावसाळ्याआधी त्याने एक एकर जमीन विकली आणि सप्टेंबरात मला फोन केला. "आरं, तू कंप्यूटरवाला. चल माझ्यासंगं शोरूमला. मला ती लोकं गंडवतील."

मी गेलो. जाण्याआधी एक्सेल शीट केली. आमच्या जमातीला दुसरं काय येतं?

त्या शीटमधून मला कळलं ते आधी सांगतो, कारण ते उपयोगाचं आहे. गाडीची एक्स-शोरूम किंमत होती 52 लाख. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट 40 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी मोठ्या इंजिनच्या सेडानवर 28 टक्के जीएसटी आणि वर 20 टक्के सेस होता. म्हणजे 52 लाखांतली गाडीची मूळ किंमत 37 लाखांच्या आसपास आणि कर जवळपास 15 लाख. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, म्हणजे आणखी पावणेसात लाख. गाडी रस्त्यावर येईतो साडेएकवीस लाखांहून जास्त रक्कम सरकारकडे गेलेली असते आणि तिच्यात एक रुपयाचीही घासाघीस होत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस लागतो, तो आयकर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. पण ते शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही.

घासाघीस उरते ती काठाकाठाने. शोरूमचा विमा घेऊ नका, बाहेरून कोटेशन आणा. आमच्या बाबतीत फरक 58 हजारांचा निघाला. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली की ती काढायला लावा. चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. जुना स्टॉक असेल तर सूट वाढते. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत जा, कारण तेव्हा सेल्सवाल्यांचं टार्गेट तुमच्या बाजूने काम करतं. दुसऱ्या शहरातल्या डीलरचं कोटेशन फोनमध्ये ठेवा आणि ते दाखवायच्या आधी एकदा उठून चालायला लागा.

हे सगळं मी केलं. तीन आठवडे केलं. एकूण 1 लाख 85 हजार वाचवले. मामा घरात सगळ्यांना सांगत सुटला की भाच्याने दोन लाख सोडवले. मी वर वर नको नको म्हणत होतो, पण आतून फुगलो होतो.

पहिला टाचणीचा टोचा शोरूममध्येच बसला. सेल्समन माझ्याच कॉलेजचा निघाला, मला दोन वर्षं ज्युनियर, मेकॅनिकलचा. सही झाल्यावर तो हसत म्हणाला, "सर, तुम्ही माझा इन्सेंटिव्हसुद्धा काढून घेतलात." मी विनोद समजून हसलो. तो विनोद नव्हता. डीलरने स्वतःची मर्यादा ठरवलेली होती. तिच्या खाली मी जे खेचलं त्यातला काही भाग त्या मुलाच्या खिशातून आला. कंपनीच्या नफ्याला माझा हात कुठेच लागला नव्हता.

मर्सिडीज-बेंझने तर भारतात हा खेळच बंद केला. ऑक्टोबर 2021 पासून ती कंपनी गाड्या थेट ग्राहकाला विकते, स्टॉक कंपनीचा, डीलर फक्त मध्यस्थ आणि किंमत देशभर एक. म्हणजे ज्याच्या हातात माल आहे त्याने ठरवलं की भाव होणार नाही, आणि झाला नाही. घासाघीस चालू ठेवायची की बंद करायची, हा निर्णयसुद्धा बलवान बाजूच घेते. आपल्याला वाटतं आपण हुशार आहोत म्हणून सूट मिळाली. सूट मिळते, कारण समोरच्याने तेवढी जागा मोकळी सोडलेली असते.

दुसरा टोचा दिवाळीनंतर बसला. मामाकडे जेवायला गेलो होतो. सहज विचारलं, "मामा, जमीन काय भावाने गेली?" चार लाख रुपये गुंठा. चाळीस गुंठ्यांचे एक कोटी साठ लाख. "भाव कोणी ठरवला?" एजंटाने. "तू काय म्हणालास?" मामा म्हणाला, "काय म्हननार? त्यानं सांगितलं, समद्यांला ह्योच भाव चाललाय."

मी घरी येऊन शीट उघडली आणि एक ओळ वाढवली. गुंठ्यामागे फक्त पंचवीस हजार जास्त मिळाले असते, तर चाळीस गुंठ्यांचे दहा लाख झाले असते. मी गाडीत तीन आठवडे घालवून त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वाचवले होते. त्याच पट्ट्यात आज प्लॉट चौदाशे रुपये चौरस फुटाने विकायला आहेत. एका गुंठ्यात 1089 चौरस फूट, म्हणजे सव्वापंधरा लाख. रस्ते आणि मोकळ्या जागेसाठी चाळीस टक्के सोडले तरी नऊ लाखांच्या वर. त्यातून एनए, रस्ता, वीज, पाणी यांचा खर्च वजा करा, बिल्डरचा रास्त नफाही धरा. चार लाखांवर पंचवीस हजारांची जागा तिथे नव्हती, असं कोणी मला पटवून द्यावं.

मामाने गाडीसाठी मला बोलावलं, जमिनीसाठी नाही. गाडीची किंमत ठरवता येते असं त्याला वाटलं. जमिनीचा भाव मात्र पावसासारखा वरून पडतो, अशीच त्याची समजूत होती. ही समजूत आली कुठून? या भागात दोन पिढ्या जमिनी एमआयडीसीला गेल्या, एक्सप्रेसवेला गेल्या. नोटीस येते, मोजणी होते, रक्कम जाहीर होते. 2013चा भूसंपादन कायदा जुन्यापेक्षा पुष्कळ बरा आहे. त्यात ग्रामीण भागासाठी किमतीला दुपटीपर्यंतचा गुणक आहे, वर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे. पण मूळ किंमत काढताना रेडी रेकनर आणि आसपासची नोंदलेली खरेदीखतं बघतात. खरेदीखतावर खरी रक्कम किती जण लिहितात हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खतावर कमी लिहून वाचवलेली स्टँप ड्यूटी पुढे सगळ्या गावाच्या भावातून वसूल होते.

एक जुनी गोष्ट आठवा. ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींचा व्यवहार. स्टेट बँकेने त्यातल्या मोठ्या रकमेला 7 टक्क्यांनी कर्ज दिलं. देशभर बातम्या झाल्या, मराठी माणसाची छाती फुगली. त्याच डिसेंबरात पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहिलं की याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी त्याहून कितीतरी जास्त व्याज मोजावं लागतं.

तो लेख तेव्हा अनेकांना झोंबला. माझा मुद्दा त्याला जोडून पण थोडा वेगळा आहे. त्या दीडशे जणांनी काही गैर केलं नाही. एकट्याने शोरूममध्ये जाऊन फ्लोअर मॅट फुकट मागण्याऐवजी ते दीडशे जण आधी एकमेकांशी बोलले, मग कंपनीशी, मग बँकेशी. किंमत ठरायच्या आधी ते टेबलावर होते. आधीच बळ असलेल्या माणसांनाही एकत्र यावंसं वाटलं, हे त्या गोष्टीतलं शिकण्यासारखं. ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज, ते मात्र एकेकटे एजंटाच्या गाडीत बसून रजिस्ट्रार ऑफिसला जातात.

जमिनीच्या बाबतीतही हे होऊ शकतं. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून जास्त एकर जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्याने न विकता स्वतःची कंपनी काढली आणि शहर उभं केलं. तिथे नेतृत्व होतं, एकाच भावकीतली बरीच जमीन सलग होती, पुणे शेजारी होतं. हे सगळं सगळीकडे जुळत नाही, मान्य. आणि मावळात एकत्र येण्याची किंमत लोकांना वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधात एक्सप्रेसवेवर बऊरजवळ जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघे गेले. ज्या तालुक्याने हे पाहिलं, तिथला माणूस 'समद्यांला ह्योच भाव' म्हणून गप्प बसतो, तेव्हा त्याला भोळा म्हणणं हा आपला आगाऊपणा आहे.

आता माझे मित्र म्हणतील, जमिनीचं ठीक, पण गाडी घेणं मूर्खपणाच होता ना? विम्याच्या हिशेबातच पाहा: सहा महिन्यांनंतर गाडीची किंमत 15 टक्क्यांनी कमी धरतात, चौथ्या वर्षानंतर निम्म्याने. तीन वर्षं वापरलेली घेतली असती तर काय बिघडलं असतं?

हिशेब बरोबर आहे. पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही. हीच गाडी कारखानदाराने धंद्याच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स जास्त पडतो खरा, पण आयकरात दरसाल 15 टक्के घसारा मिळतो, कर्जाचं व्याजही खर्चात जातं. त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याचा सीए त्याला शहाणा म्हणतो. मामाने मात्र रोख, पूर्ण, स्वतःच्या पैशाने घेतली. आणि आम्ही? पगाराच्या साठ टक्के ईएमआय भरून वीस वर्षांसाठी फ्लॅट घेतो, बिल्डर सांगेल तो भाव देतो, वर मॉड्युलर किचन फुकट मिळालं म्हणून पार्टी करतो. गुंठामंत्र्याला हसण्याचा अधिकार आम्हाला नेमक्या कुठल्या शीटमधून मिळाला?

आणि व्हॅल्यूचंच म्हणाल, तर एक गोष्ट माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात बसली नाही. चाकणमध्ये मर्सिडीजची ई-क्लास बनते, ती भारतात लांब व्हीलबेसची मिळते. ही जास्तीची लांबी मागच्या सीटवर पाय पसरायला असते. गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलंय की मालक मागे बसणार. मामा अकरा वर्षं अशाच गाड्यांच्या पुढच्या सीटवर होता, आरशात साहेबांचा चेहरा बघत. त्याने घेतलेली गाडी तो स्वतःच चालवतो. पहिल्या दिवशी मामीला मागे बसवू लागले तर त्याने ओरडून तिला पुढे बोलावलं. "मागं कुनी बसायचं न्हाई." त्या वाक्यासाठी बावन्न लाख जास्त आहेत का? माझ्या मते जास्त आहेत. पण ते ठरवण्याचा हक्क त्याचा, आणि जमिनीचा भाव ठरवतानाही तो त्याचाच असायला हवा होता.

म्हणून माझं भांडण माझ्यासारख्यांशी आहे. घरातला पहिला शिकलेला पोरगा म्हणून गावाने आम्हाला मोठं केलं. आम्हाला सातबारा ऑनलाइन काढता येतो, रेडी रेकनर बघता येतो, टाउन प्लॅनिंगचा नकाशा उघडून जमीन कुठल्या झोनमध्ये जाणार हे वाचता येतं. हे ज्ञान आम्ही मोबाइलच्या सेलमध्ये आणि गाडीच्या विम्यात खर्च करतो. मग जमीन गेलेल्या माणसाच्या गाडीवर जोक मारतो.

मामाची चौदा गुंठे जमीन अजून शिल्लक आहे. तिला लागून चौघांची मिळून अडीच एकर. एजंटाचे फोन सुरू झालेत, "पुढच्या महिन्यात भाव पडेल" हे ठरलेलं वाक्यही येऊन गेलं. येत्या रविवारी पाचही जणांना मामाच्या ओट्यावर बोलावलंय. दोघांनी येतो म्हटलंय, एक जण इसार घेऊन मोकळा झालाय असं ऐकतो, उरलेल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. मी नवी शीट केली आहे. पहिल्या ओळीत पाच गट नंबर आहेत. भावाचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवलाय, तो त्यांनी भरायचा आहे.