विश्लेषण : रेशनच्या तांदळातलं लोह अंगी किती लागतं?

रेशनचा तांदूळ निवडायला घेतला की ताटात काही दाणे वेगळेच दिसतात. किंचित पिवळसर, सगळे एकसारखे, पाण्यात टाकले तर कधी कधी तरंगणारे. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ त्यांना 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणतात आणि अनेक घरांत ते वेचून केरात जातात.

हे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळतात आणि शेवयांसारखं यंत्रातून दाबून त्याला पुन्हा दाण्याचा आकार देतात. साधारण 100 दाण्यांमागे असा एक दाणा मिसळला जातो. म्हणजे एक दाणा वेचून टाकला की 100 दाण्यांचं वाढीव लोह गेलं. लोह दाण्याच्या आत असल्यामुळे तांदूळ धुताना ते सहसा वाहून जात नाही.

15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली की 2024 पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असा पोषणयुक्त असेल. महाराष्ट्रात गडचिरोलीत त्याआधीच याचा प्रयोग झाला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2028 पर्यंतचा पुरवठा मंजूर केला. खर्च 17,082 कोटी रुपये.

एवढा पैसा ओतून रक्तात पोचतं किती?

पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही

एफएसएसएआयच्या नियमानुसार एक किलो पोषणयुक्त तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह मिसळलेलं असतं. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ धरलेला आहे, म्हणजे जास्तीचं लोह साधारण 3 ते 4 मिलिग्रॅम.

अडचण इथून पुढे सुरू होते. तांदळात जे लोह घालतात त्याचं नाव फेरिक पायरोफॉस्फेट. ते निवडण्याचं कारण पोषणापेक्षा रंगाशी जास्त जोडलेलं आहे. फेरस सल्फेट शरीरात चांगलं शोषलं जातं, पण त्याने भात काळपट पडतो, वास बदलतो आणि मग तो कुणी खात नाही. फेरिक पायरोफॉस्फेट पांढरट, चवीला काहीच नाही. ते पाण्यात विरघळत नाही म्हणूनच भाताचा रंग टिकतो. पण पोटातल्या आम्लातही ते नीट विरघळत नाही आणि न विरघळलेलं लोह आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. अशा भातातून शोषलं जाणारं लोह बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आतच राहतं. वरच्या मुलाच्या 4 मिलिग्रॅमपैकी पाच टक्के धरले तरी हाती लागतात 0.2 मिलिग्रॅम.

कणकेला दुसरा पर्याय आहे. सोडियम आयर्न ईडीटीए हे संयुग कणकेतल्या फायटेटला दाद देत नाही, चांगलं शोषलं जातं, म्हणून नियमात त्याचं प्रमाण निम्मंच, 14 ते 21.25 मिलिग्रॅम ठेवलं आहे. तांदळासाठीही ते चालतं, पण रंगाची अडचण पुन्हा येते. दाणा तयार करताना सायट्रेट मिसळलं तर फेरिक पायरोफॉस्फेट जास्त विरघळतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

मग सगळं फुकटच का? तसं नाही. 2006 मध्ये बंगळूरच्या शाळकरी मुलांवरचा एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. बारीक दळलेलं फेरिक पायरोफॉस्फेट घातलेला भात खाणाऱ्या मुलांमधली लोहाची कमतरता साध्या भातापेक्षा बरीच जास्त घटली. मात्र तिथे रोज सुमारे 20 मिलिग्रॅम लोह दिलं जात होतं, आपल्या शाळेतल्या 100 ग्रॅम भाताच्या जवळपास पाचपट. 2019 च्या कोक्रेन आढाव्याचा सूर सावध आहे: शरीरातला लोहाचा साठा सुधारतो, पण अ‍ॅनिमियाच्या प्रमाणात फारसा फरक पडेलच असं नाही.

भिवंडीच्या ताटात काय आहे?

भिवंडीत हा हिशोब आणखी बिघडतो. यंत्रमागावर राबणारा बराचसा कामगार उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला. 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे त्याला इथल्या दुकानात धान्य उचलता येतं. पण कुटुंब गावी असेल तर धान्य तिथेच लागतं आणि तो स्वतः खानावळीत जेवतो. खानावळीत बाजारातला साधा तांदूळ शिजला तर योजनेचं लोह त्याच्या ताटात येतच नाही.

त्यात चहा. लांबलचक पाळीत जेवण उरकलं की लगेच कटिंग ठरलेला. 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चहामुळे पाव आणि भात-रश्श्यातलं लोह शोषणं बरंच घटलेलं आढळलं, क जीवनसत्त्व असतानाही. चहा तासाभराने प्यायला तर हा त्रास कमी होतो. जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असला की शोषण वाढतं. मटकीला मोड आणल्याने फायटेट कमी होतं, म्हणून मोडाची उसळ ही साध्या डाळीपेक्षा उजवी.

शरीराचंही स्वतःचं दार आहे. अंगात संसर्ग किंवा सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतडं लोह आत घेणं थांबवतं. दाटीवाटीच्या वस्तीत सतत आजारी पडणाऱ्या मुलाला यामुळेच चांगलं अन्नही लागत नाही.

आणि प्रत्येक अ‍ॅनिमिया लोहाचाच नसतो. एनएफएचएस-5 नुसार महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं अ‍ॅनिमिक आहेत. हे मोजमाप बोटाला टोचून घेतलेल्या रक्तावरचं. शिरेतून रक्त घेणाऱ्या 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये अ‍ॅनिमिया 41 टक्के आणि लोहाची कमतरता 32 टक्के निघाली.

थॅलेसेमिया, सिकल सेल असणाऱ्यांचं काय?

पूर्वी पाकिटावर इशारा असे: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने खावं, सिकल सेलच्या रुग्णांनी टाळावं. हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला. 2024 मध्ये तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर इशारा काढला गेला. थॅलेसेमियाच्या रुग्णाला चढवल्या जाणाऱ्या रक्ताच्या एका पिशवीतच 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, त्यापुढे भातातलं नगण्य, असा तर्क त्यामागे आहे. पण रक्त क्वचितच चढवावं लागतं अशा थॅलेसेमिया इंटरमीडियात आतडंच जास्त लोह ओढून घेतं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि सुट्ट्या रेशनवर लेबल कुठे असतं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत स्त्रीला दिवसाला 29 आणि पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह धरलं आहे. महिन्याला माणशी तीन किलो रेशनचा तांदूळ मिळाला तर त्यातून रोज येतं 3 ते 4 मिलिग्रॅम. बाकीचं उसळीतून, पालेभाजीतून, सुकटीतून, मटणातून यायचं असतं, आणि त्याचे दर रेशनच्या दुकानात लागत नाहीत.