मोहाच्या मद्याआधी मोहाचे झाड

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. झाशीलगतच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्यास ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली. हे स्वागतार्ह असले, तरी मद्याची प्रत भट्टीत नव्हे, झाडाखाली ठरते. वेचणी सुलभ व्हावी म्हणून मध्य भारतात अनेक ठिकाणी मोहाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यात कोवळी रोपे नष्ट होतात व फुलांना राख-माती लागते. झाडाखाली जाळी बांधल्यास आग टळते, स्वच्छ फुलांना चांगला भाव मागता येतो. बियांपासून वाढलेला मोह फुलण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी बुंदेलखंडात प्रथम जाळी आणि बांधावरील नवी लागवड यांचाच आग्रह धरावा. झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था त्यासाठी जवळच आहे.