या वेदनेला वेळ कोण देणार?

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद केला जातो. गरज कितीही तीव्र असो; ती बोलून दाखवण्याची मुभा आणि तिच्यासाठी खर्च करण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, त्याची गरज बाजाराच्या हिशेबी मागणी ठरत नाही. आणि जेथे मागणी नाही तेथे पुरवठाही होत नाही. स्त्रियांच्या काही दुखण्यांची अवस्था नेमकी अशी आहे. शरीरसंबंधाच्या वेळी, किंबहुना त्याच्या नुसत्या कल्पनेनेही, योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि संबंध अत्यंत वेदनामय किंवा अशक्यच होऊन बसतो. या विकाराला वैद्यकात ‘व्हजायनिस्मस’ म्हणतात. ओटीपोटात महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेली वेदना हे त्याच कुळातले दुसरे दुखणे. ही दुखणी बरी होऊ शकतात. निदान पुष्कळ सुसह्य तरी करता येतात. तरीही असंख्य स्त्रिया उपचारांच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचतात त्यांतील अनेकींना ‘सगळे ठीक आहे’ एवढ्या शब्दांवर परत पाठवले जाते.

अशी तरुणी दवाखान्यात येते तीही बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही, म्हणून सासू तिला घेऊन येते. रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, अहवाल निर्दोष निघतात. पती-पत्नींचा संबंध मुळात येऊच शकलेला नाही, हे कोणी विचारत नाही आणि सासूसमोर तिला ते सांगता येत नाही. आतून तपासणी करताना तिने अंग आखडले, तर तिचीच खरडपट्टी काढली जाते. त्या दहा मिनिटांत तिची वेदना दुणावते आणि पुन्हा डॉक्टरकडे न जाण्याचा तिचा निश्चय पक्का होतो.

शस्त्राने दिलेले नाव

या विकाराला हे नाव दिले ते जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने, १८६१-६२ च्या सुमारास. त्याचा उपाय शस्त्राचा होता: योनिमुखाशी छेद घ्यावयाचा आणि मग मार्ग रुंद ठेवण्यासाठी नळी वापरावयाची. याच सिम्सने १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळील त्याचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. पुतळा गेला, पण वेदना सांगणाऱ्या स्त्रीचे म्हणणे न ऐकता तिच्या शरीराची ‘दुरुस्ती’ करण्याची वृत्ती अद्याप गेलेली नाही.

पुढे या आजाराचे ओझे मनावर ढकलण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात शारीरिक कारण नसलेला व्हजायनिस्मस मानसिक विकारांच्या प्रकरणात होता. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात मात्र लैंगिक आरोग्याचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि शरीरसंबंधातील वेदनेला तेथे स्थान मिळाले आहे. हा बदल केवळ कारकुनी नव्हे. शरीर आणि मन यांच्यामधली भिंत येथे टिकत नाही, याची ती कबुली आहे.

पापणी मिटते तसे

शरीराची रचना पाहिली की हे पटते. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते. श्वास आत घेतला की ती किंचित खाली जाते, सोडला की वर येते. भीती वाटली की ती आवळते. डोळ्यासमोर अचानक बोट आले तर पापणी मिटते, तसेच हे घडते; त्यात हट्ट नसतो, पतीविषयी नावडही नसते. पहिल्या वेदनेतून धास्ती उपजते, धास्तीने स्नायू आवळतात, आवळलेल्या स्नायूंमुळे पुढची वेदना आणखी तीव्र होते. या रहाटगाडग्यात सापडलेल्या स्त्रीला ‘अंग सैल सोड’ असे दरडावणे निरर्थक आहे. अशा स्त्रीला सरसकट केगेलचे व्यायाम सांगणेही तितकेच गैर होय. १९४८ साली अर्नोल्ड केगेल यांनी पुरस्कारिलेले ते व्यायाम शिथिल झालेले स्नायू बळकट करण्यासाठी आहेत. जे स्नायू आधीच ताठरले आहेत, त्यांना प्रथम सैल होणे शिकवावे लागते.

म्हणूनच आजचे उपचार एका अवयवापुरते नसतात. आरंभी स्त्रीरोगतज्ज्ञाने जंतुसंसर्ग, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण, रजोनिवृत्तीनंतरची कोरड किंवा एंडोमेट्रिऑसिस यांसारखी कारणे तपासावयाची. त्यातील एंडोमेट्रिऑसिस हा विकार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मग फिजिओथेरपिस्टने श्वास, पाठ, कंबर, मांड्या आणि पोट यांचे स्नायू एकत्र विचारात घ्यावयाचे. समुपदेशकाने धास्तीचे मूळ शोधावयाचे. ते कधी कानांवर पडलेल्या भयकथांत असते, कधी लहानपणीच्या अत्याचारात, तर कधी काहीच सापडत नाही. बोटाएवढ्या नळीपासून सुरुवात करून क्रमाने मोठ्या नळ्या वापरावयाच्या, पण त्या स्त्रीने स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या गतीने. तिने ‘थांबा’ म्हटले की थांबावयाचे. पतीलाही विश्वासात घ्यावयाचे. येथे सहानुभूती ही उपचारांना दिलेली सौजन्याची झालर नसून, उपचारांचाच भाग आहे. कारण धास्ती वाढवणारा कोणताही उपाय हा विकार वाढवतो.

याचे फळ मोजताही येते. नेदरलँड्समध्ये व्हजायनिस्मसच्या ७० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या स्त्रियांना लगेच उपचार मिळाले, निम्म्यांना प्रतीक्षायादीत ठेवले गेले. तज्ज्ञाच्या सोबतीने, पण स्वतःच्या हाताने, भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचे हे उपचार आठवड्याभरात, प्रत्येकी दोन तासांच्या जास्तीत जास्त तीन बैठकांत दिले गेले. उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३१ स्त्रियांना शरीरसंबंध शक्य झाला. प्रतीक्षायादीतील ३५ पैकी केवळ चौघींना. बैठकांचे हे सहा तास अनेक वर्षांच्या कोंडीच्या तुलनेत फार नव्हेत.

पैसा कशाचा मिळतो?

मग हे सहा तास आपल्याकडे का मिळू नयेत? याचे उत्तर लज्जेत जितके आहे तितकेच पैशाच्या व्यवहारात आहे. आपली आरोग्यव्यवस्था यंत्र, छेद आणि खाट यांचे पैसे मोजते. प्रशिक्षित माणसाच्या वेळेचे मोजत नाही. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, परंतु ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. बाह्यरुग्ण विभागातील समुपदेशन वा फिजिओथेरपीच्या बैठका तिच्या कक्षेबाहेर राहतात. जेथे शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात आणि ऐकून घेण्याचे मिळत नाहीत, तेथे शस्त्रक्रिया वाढणार आणि ऐकणे आटणार, हे सांगण्यास मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

बीड जिल्ह्याने हे सत्य फार भीषण रूपात दाखवले. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहाजणींमागे एक. उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की मुकादमाचा दंड, फडावर शौचालय नाही. अशा स्थितीत पाळीचा त्रास, अंगावरून जाणे आणि ओटीपोटातील कळा यांवर ‘पिशवी काढली की कटकट मिटेल’ हा सल्ला विकला गेला. या स्त्रियांचे दुखणे व्हजायनिस्मसहून वेगळे होते, हे खरे. पण नियम तोच: वेदनेचे कारण शोधण्यास वेळ लागतो, अवयव काढण्यास लागत नाही. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली राज्यांना सांगावे लागले.

मौनाची दुसरी किंमत न्यायालयात मोजली जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ अन्वये, समोरच्या पक्षाच्या असमर्थतेमुळे शरीरसंबंध घडला नसेल तर विवाह रद्द करून घेता येतो. कायद्यात अशी तरतूद असणे वावगे नाही. परंतु बऱ्या होऊ शकणाऱ्या दुखण्यावर एकदाही योग्य उपचार न होता स्त्रीच्या कपाळी ‘असमर्थ’ हा शिक्का बसावा, हा अन्याय होय.

‘चैनीचा’ आजार?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या देशात कुपोषण आणि क्षयरोग आहे, तेथे या ‘चैनीच्या’ आजाराला पैसा कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. पण हे दुखणे सुखवस्तूंचे आहे हे त्याचे गृहीतकच चुकीचे आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता; पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे गरिबाघरीही असतेच. तेथे नसते ती विचारपूस.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ‘सर्वांगीण उपचार’ या गोंडस नावाखाली भोंदूंचे दुकान चालेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच ही सेवा सार्वजनिक रुग्णालयांनी, आधी रीतसर तपासणी करून द्यावयास हवी. चांगली सेवा उपलब्ध नसते तेव्हाच भोंदूंचे फावते.

यासाठी नवी इमारत किंवा परदेशी यंत्रे लागत नाहीत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ पासून फिजिओथेरपीचे शिक्षण दिले जाते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या नियमनाची चौकटही घालून दिली आहे. वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांत आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक यांचा संयुक्त बाह्यरुग्ण विभाग चालवता येईल. तेथे स्त्रीला एकटीने बोलता यावे. तपासणीपूर्वी संमती घेणे आणि नकार मानणे हा वैद्यकीय शिक्षणातील परीक्षेचा विषय व्हावा. आरोग्य विम्यात या बैठकांचा ठरावीक खर्च समाविष्ट करावा. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांना समुपदेशक दिले आहेत. त्यांनी अशा दांपत्यांना युक्तिवादापूर्वी उपचारांची वाट दाखवावी. आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत ‘जवळ येताना दुखते का?’ एवढा एक प्रश्न वाढवण्यास तर पैसाही लागत नाही.

हा विषय वर्तमानपत्रात कशाला, असे म्हणणाऱ्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण करावे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. विचारणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे, ही त्या लढ्यामागची साधी भूमिका होती. आज उत्तर उपलब्ध आहे, पण ते देण्यासाठी जो वेळ लागतो त्याची तरतूद अंदाजपत्रकात नाही. तो वेळ शासनाने आणि रुग्णालयांनी दिला नाही, तर त्याची किंमत स्त्रिया देतच राहतील, आणि ती कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जाणार नाही.