साखर सोडली, पण भाताचे काय?

मधुमेह झाला की रत्नागिरीतल्या घरांत आधी चहातली साखर बंद होते. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. यकृताला तोच जड जातो.

यकृतात चरबी साठते ती फक्त तेल-तुपाने, हा गैरसमज आहे. टाइप-२ मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त भात, साखर, मैदा पोटात गेला, की यकृत त्याचीही चरबी बनवते. बहुधा काही दुखत नाही, म्हणून ते कळतही नाही.

दिलासा असा, की ही चरबी लवकर उतरते. ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाने २०११ मध्ये ११ मधुमेहींना रोज ६०० कॅलरींचा आहार दिला. आठवडाभरात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्के घटली.

इतकी कपात डॉक्टरांशिवाय करू नये. औषधे चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते. पण भात निम्मा, त्यासोबत कुळथाची पिठी, भाजी, बांगड्याचे कालवण. वाटीभर आमरसाऐवजी आंब्याच्या दोन फोडी, एवढे घरात जमण्यासारखे आहे.

केंद्राने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. आता मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत साखरेइतकीच यकृताचीही चौकशी व्हायला हवी.