ओव्हररेटेड म्हणजे नक्की कोण?

'कोर्ट' मी पहिल्यांदा दीडपट स्पीडवर पाहिला. २०१९ साल, हॉस्टेलची खोली, मित्राच्या पेनड्राइव्हवरून फोनवर घेतलेली फाइल, समोर मेसचा डबा. संपल्यावर ग्रुपवर एकच शब्द टाकला: ओव्हररेटेड. पटापट अंगठे आले. त्यातल्या किती जणांनी सिनेमा पाहिला होता, हे मी विचारलं नाही. मी तरी कुठे पाहिला होता?

आज माझं भांडण त्या शब्दाशी आहे. 'ओव्हररेटेड' म्हणताना आपण सिनेमाबद्दल काहीच बोलत नसतो. आपण त्याचं कौतुक करणाऱ्यांबद्दल बोलत असतो. चैतन्य ताम्हाणेच्या या सिनेमाला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, भारतातर्फे तो ऑस्करला गेला. एवढं कानावर पडलं की आपण सिनेमा पाहायला बसतच नाही, ऑडिट करायला बसतो. दहा मिनिटं झाली, अजून काही भारी झालं नाही. वीस झाली. फसवलं राव!

आणि 'कोर्ट'मध्ये खरंच काही भारी होत नाही. नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिरावर खटला आहे, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. आरोप हास्यास्पद, पण कोर्टात कुणी हसत नाही. तारीख पडते. पुन्हा तारीख पडते. एका बाईची केस न्यायाधीश ऐकतच नाहीत, कारण ती स्लीव्हलेस घालून आलेली असते. पुढची तारीख. कॅमेरा लांब उभा राहून बघत राहतो, कोर्टातल्या मागच्या बाकावरच्या माणसासारखा. हे थांबणं, हे कंटाळणं हाच तर सिनेमा आहे. मी तेवढंच कापून काढलं आणि वर म्हणालो, यात काही नाही. सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे विझतात आणि पडदा काळाच राहतो, तिथे तर मला वाटलं फाइल करप्ट आहे.

एप्रिल २०२१ मध्ये वीरा साथीदार कोरोनाने गेल्याची बातमी वाचली. कांबळेंची भूमिका त्यांनी केली होती. नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. त्या रात्री सिनेमा पुन्हा लावला, नेहमीच्या स्पीडवर. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. काही सुरक्षा साधनं होती का? नव्हती. दारू प्यायचा? हो, घाण सहन व्हावी म्हणून. गटारात झुरळं दिसली की कळायचं, आत उतरायला हरकत नाही. ती हे रेशनचा हिशेब सांगावा तशा आवाजात सांगते. पहिल्या वेळी या प्रसंगात मी बहुतेक भाजी वाढून घेत होतो.

पण दुसऱ्या टोळीचाही मला तितकाच राग येतो. 'तुला कळला नाही' वाली. हे लोक प्रत्येक मोठ्या सिनेमाला 'अंडररेटेड' म्हणतात, म्हणजे आपण मूठभर शहाण्यांत गणले जाऊ. यांनाही विचारा, कुठला शॉट आवडला? उत्तर येतं, 'एकूण ट्रीटमेंट.'

खरी तक्रार करायची तर करूया की. माझी आहे. शेवटी न्यायाधीश सहलीला जातात. तिथे एका ओळखीच्याला, मुलाच्या बोलण्याच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवतात. मग बाकावर डुलकी लागते, मुलं ओरडून उठवतात आणि ते एकाच्या थोबाडीत देतात. दोन तास ज्या सिनेमाने मला काहीही सांगितलं नाही, सगळं स्वतः बघू दिलं, तो इथे कोपराने ढोसतो: बघ, न्याय देणारा माणूस असा असतो. हे मला नको होतं. सरकारी वकील नूतन लोकल पकडून घरी जाते, स्वयंपाक करते, तिथे असं कुणी ढोसत नाही. म्हणून तिचं सामान्यपण जास्त भीती घालतं.

माझ्या त्याच हॉस्टेलमधल्या मित्राला हे अजिबात मान्य नाही. तो म्हणतो, मार खाणारं पोर आणि कांबळे यांच्यात फरक काय? दोघांना का पडली ते कळत नाही, आणि मारणारा परत झोपतो. मी म्हटलं, तेच तर, इतकं सोपं समीकरण कशाला. तो म्हणाला, परत बघ. रात्री दोन वाजेपर्यंत व्हॉइस नोट चालू होत्या. शेवटची सहा मिनिटांची आहे, अजून ऐकायची राहिलीय. दीडपट स्पीडवर ऐकणार नाही.