निरोप आला नाही, याचा अर्थ काय?

१९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हन यांनी एक नवलाचा प्रयोग केला. रुग्ण रुग्णालयात, हृदयातील विद्युतबदल टिपणारे त्यांचे अवजड यंत्र प्रयोगशाळेत, आणि मध्ये सुमारे दीड किलोमीटरचे अंतर. यंत्र हलविणे अशक्य. तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे संदेशच यंत्रापर्यंत आणले. आता कल्पना करा, तारेतून काहीच आले नाही तर? हृदय थांबले समजायचे, की तार तुटली? हाच प्रश्न आज खिशातल्या फोनमुळे घरोघरी येऊ लागला आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे.

विद्यार्थी मित्रहो, पेसमेकर तुमच्यापैकी काहींना आजी-आजोबांमुळे ठाऊक असेल. छातीच्या कातडीखाली बसविलेली धातूची छोटी डबी, तिच्यात विद्युतघट आणि इलेक्ट्रॉनिक मंडल, आणि शिरेतून हृदयापर्यंत नेलेली एखाद-दुसरी तार. हृदयाचा ठोका पडायचा राहिला की डबी हलकासा विद्युतस्पंद देते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात असा पहिला पेसमेकर बसविला गेला. तो काही तासच चालला! पण लार्सन २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. मधल्या काळात त्यांना २० हून अधिक पेसमेकर बसवावे लागले.

आजचा पेसमेकर स्पंद देतो आणि स्वतःची तपासणीही करतो. घटात किती दम उरला आहे, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके केव्हा अनियमित झाले, तार शाबूत आहे की नाही, याची तो नोंद ठेवतो. तारेची परीक्षा मोठी मौजेची आहे. स्पंद २.५ व्होल्टचा आणि तारेच्या मार्गाचा रोध ५०० ओहम असेल, तर विद्युतधारा ५ मिलिअँपिअर येते. तार आतून तुटली की रोध एकदम वाढतो. तिच्यावरचे रोधक आवरण झिजले की तो घसरतो. म्हणजे तुमच्या पुस्तकातला ओहमचा नियम आजोबांच्या छातीत रोज राबतो आहे. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

पूर्वी या नोंदी वाचण्यासाठी रुग्णालयात जावे लागे. पुढे उशाशी ठेवायची पेटी आली. आता काही पेसमेकर ब्लूटूथने थेट फोनशी बोलतात. फोनमधील अ‍ॅप नोंदी घेते आणि इंटरनेटवरून रुग्णालयाकडे धाडते. सहसा हे काम रात्री, माणूस झोपेत असताना होते. दूरच्या गावातील रुग्णाच्या कितीतरी खेपा यामुळे वाचतात, आणि सहा महिन्यांनी कळणारा बिघाड चार दिवसांत कळू शकतो. ही सोय चांगलीच आहे. तिला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही.

अडचण वेगळी आहे. अ‍ॅप हा निरोप्या आहे, पहारेकरी नव्हे. आलेला निरोप रुग्णालयातील माणसे सवडीने, कामाच्या वेळेत पाहतात. छातीत दुखले, चक्कर आली, तर अ‍ॅपवर विसंबून बसायचे नसते. तत्काळ डॉक्टर गाठायचा असतो. शिवाय या निरोप्याला झोप फार लवकर लागते. ब्लूटूथ बंद झाले, डेटा संपला, फोन दुसऱ्या खोलीत राहिला, की निरोप थांबतात. पेसमेकर आपले काम करीतच असतो, पण त्याचे बोलणे कोणी ऐकत नाही. घरचे मात्र म्हणतात, ‘काही कळवले नाही, म्हणजे सगळे ठीक आहे.’ प्रयोगशाळेत ज्याचा काटा हलत नाही असा मापक पाहून तुम्ही ‘विद्युतधारा शून्य’ असे लिहून मोकळे होता का? आधी जोडणी तपासता. मग इथेच का नाही?

जोडणी तुटल्याची खूण पडद्यावर दिसते, असे उत्तर मिळेल. दिसते, पण अ‍ॅप उघडले तर. आणि ज्यांना वाचता येते त्यांना. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परक्या भाषेतील बारीक अक्षरे काय सांगणार? माझा आग्रह असा, की अ‍ॅपने आपले मौन मोठ्याने, मराठीत, घंटी वाजवून सांगावे. आणि ज्यांना फोन झेपत नाही त्यांच्यासाठी उशाशी ठेवायची ती साधी पेटी बंद करू नये. नवे आले की जुने मोडीत काढायचे, ही घाई औषधोपचारात बरी नव्हे.

परक्या माणसाने फोनवरून पेसमेकर बिघडविला तर, अशी शंकाही विचारली जाते. ती पोकळ नाही; २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या आज्ञावलीत याच भीतीपोटी सुधारणा सुचवावी लागली. त्यासाठी रुग्णाला दवाखान्यातच जावे लागे. मात्र रोजच्या व्यवहारात त्या दुष्ट माणसापेक्षा बंद पडलेले ब्लूटूथ मला अधिक त्रासाचे वाटते.

घरातला फोन तुमच्याच हाती अधिक असतो, म्हणून हे तुम्हांला सांगतो. अ‍ॅपमध्ये शेवटचा निरोप कोणत्या तारखेला गेला, ते आठवड्यातून एकदा पाहा. फोन रात्री आजोबांच्या खोलीत राहू द्या, पण छातीवरच्या खिशात नको. पेसमेकरपासून तो निदान १५ सेंटिमीटर दूर हवा. आणि त्यांना तुमचा जुना फोन द्यायचे ठरले, तर तो त्या अ‍ॅपला चालतो का, हे आधी रुग्णालयात विचारा.