काही तरास नाही जी

दिवाळी अंकात, फराळाच्या पानाला लागूनच, गुप्तरोगांवर लिहायचे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायचीच. पण र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ पर्यंत नेटाने चालवले. त्यांच्याच मराठीत आपण अजून या विषयावर कुजबुजत बोलावे, हे काही बरे नव्हे. शिवाय आज मला माझीच एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी आठवड्यातून एकदा धारणीला रोगी पाहायला जात असे. परतवाडा मागे पडले की घाट सुरू होतो. सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला पोचेपर्यंत अंग आंबून जाते. तेथे एक तरुण गृहस्थ माझ्याकडे येत. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. त्यांना एच. आय. व्ही. ची लागण होती, पण माणूस मोठा नेमाचा. या रोगावरची औषधे आपल्याकडे २००४ सालापासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. त्या गोळ्या त्यांनी एक दिवस चुकवल्या नाहीत. रक्तातील विषाणू इतके कमी झाले होते की मोजणीत सापडेनात. अशी स्थिती टिकली तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एच. आय. व्ही. लागत नाही, हे आता पक्के सिद्ध झाले आहे. पत्नीला सारे ठाऊक होते, आणि ती निरोगी होती.

दर खेपेला मी विचारी, “काय भाऊ, काही त्रास?”

ते हसून म्हणत, “काही तरास नाही जी.”

मी कागदावर ‘तक्रार नाही’ असे लिही आणि पुढच्याला हाक मारी.

मग त्यांच्या पत्नीला दिवस गेले. गरोदरपणी रक्त तपासतात तेव्हा एच. आय. व्ही. निघाला नाही, पण सिफिलिस निघाला. जुनी माणसे ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणत, तोच. नवऱ्याचे रक्त तपासले, तर तेथेही तेच. दोघे माझ्यासमोर बसली होती. तो म्हणाला, “गोयी त मी रोज घेतो जी, मंग हे कसं?” आणि ती एवढेच म्हणाली, “माह्या लेकराले काही होईन का जी, डॉक्टरसाहेब?”

त्या दोन प्रश्नांनी मी खजील झालो. त्यांचे जुने कागद मी पुन्हा काढले. औषध सुरू करताना सिफिलिसची तपासणी झाली होती आणि ती निर्दोष होती. त्या एका कागदावर मी कितीतरी महिने विसंबलो. मधल्या काळात ते कामासाठी परमुलखात राहून आले होते, आणि मी काही विचारलेच नव्हते. तपासणी त्या दिवसापर्यंतचे सांगते, पुढचे सांगत नाही, हे डॉक्टरला कोणी शिकवायला हवे का?

गोळ्यांचा पहारा एका शत्रूवर असतो. सिफिलिसचा जंतू निराळा, मळसूत्रासारखा. १९०५ साली बर्लिनमध्ये तो प्रथम दिसला. त्याचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि औषधावाचून आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, बरे झाले. पण मचाणावर बसून वाघाची वाट पाहावी आणि खालच्या खांबाला वाळवी लागावी, तसे आत चाललेले असते. पुढे मेंदू, डोळे आणि कान यांनाही धोका पोचतो. गरोदर स्त्रीला लागण असली तर गर्भ दगावू शकतो.

परमा आणि क्लॅमिडिया हेही असेच मुके पाहुणे. पुरुषाला लागण होऊनही जळजळ नाही, स्राव नाही, असे पुष्कळदा घडते. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतात, त्यांच्या घशात किंवा गुदमार्गात लागण असली तर बहुधा काहीच जाणवत नाही, आणि नुसत्या लघवीच्या तपासणीत ती सापडतही नाही. तेथला बोळा घ्यावा लागतो. म्हणजे रोग्याने तक्रार सांगावी आणि आम्ही औषध द्यावे, ही रीत तक्रार असणाऱ्यापुरतीच चांगली. ज्याला तक्रारच नाही तो हसत घरी जातो.

म्हणून एच. आय. व्ही. असलेल्या आणि शरीरसंबंध चालू असलेल्या पुरुषाची या तिन्ही रोगांसाठी वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी. जोडीदार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. सिफिलिससाठी निराळी सुई टोचायलाही नको, विषाणू मोजायला रक्त काढतात तेव्हाच थोडे जास्त घ्यावे. उपाय आहेतच. १९४३ पासून सिफिलिसवर पेनिसिलिन वापरतात आणि ते आजही गुण देते. मात्र उपचार दोघांचाही व्हावा लागतो.

त्या बाईला पेनिसिलिन वेळेवर मिळाले. मूल सुखरूप जन्मले. नवऱ्यालाही इंजेक्शने दिली, आणि चौकशी करताना ‘कोणाकडून?’ हा प्रश्न मी चारचौघांत विचारला नाही. एच. आय. व्ही. ची माहिती गुप्त ठेवणे हे तर २०१७ च्या कायद्याने बंधनकारकच केले आहे, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा रोगांवर सल्ला आणि उपचार मिळतात. तोंडाने विचारण्याचा संकोच वाटला तर १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे.

लक्ष्मीपूजनाला आपले दुकानदार जुनी वही मिटून हिशेब पाहतात. एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून नव्हे. वर्ष सरले म्हणून. मीही त्या दिवसापासून कागदावर ‘तक्रार नाही’ एवढेच लिहून थांबत नाही. त्याखाली आणखी एक ओळ असते: ‘शेवटची तपासणी कधी?’